परक्या भाषेत, परक्या माणसाशी : प्रस्तावना

दुसरी भाषा शिकणाऱ्याने ती बोलायची कोणाशी, हा भाषाशिक्षणातला जुना प्रश्न आहे. वर्गात शिक्षक असतो, पाठ्यपुस्तक असते, शेजारच्या बाकावर आपलीच मातृभाषा बोलणारा सोबती असतो. ज्यांच्याशी त्या भाषेवाचून बोलणेच शक्य नाही, अशी माणसे मात्र दूर राहतात. संगणकांचे जाळे पसरल्यावर ती एकाएकी हाकेच्या अंतरावर आली. ती आल्यावर नेमके काय घडते, भाषा किती सुधारते, समोरचा माणूस किती कळतो आणि कळला असे वाटत असतानाच कुठे निसटतो, याचा अभ्यास गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे. भाषाशिक्षण, समाजभाषाविज्ञान, मानवशास्त्र आणि तंत्रविद्या या चारही बाजूंनी त्यात भर पडली आहे. प्रस्तुत लेखसंग्रह मराठी वाचकाला या अभ्यासाची ओळख करून देतो.

अशा संवादाचे तीन प्रकार सहज वेगळे काढता येतात. पहिला वर्गांमधला: दोन देशांतले दोन शिक्षक आपापले विद्यार्थी एकमेकांशी जोडून देतात, विषय ठरवतात, वेळापत्रक आखतात. दुसरा जोडीचा: एकमेकांची भाषा शिकू पाहणारी दोन माणसे थोडा वेळ एकीच्या भाषेत, थोडा वेळ दुसरीच्या भाषेत बोलतात. तिसरा कोणी न आखलेला. खेळ खेळताना, आवडत्या मालिकेवर लिहिताना, परदेशातल्या सहकाऱ्याबरोबर काम करताना माणूस दुसरी भाषा वापरतो आणि शिकणे त्या ओघात होऊन जाते. संशोधन बहुतांशी पहिल्या प्रकारावर झाले आहे, कारण तिथल्या नोंदी शिक्षकाच्या हाती आयत्या येतात. प्रत्यक्षात सर्वाधिक माणसे तिसऱ्या प्रकारात मोडतात.

या कल्पनेची मुळे संगणकाच्या पुष्कळ आधीची आहेत. १८९०च्या दशकात पॉल मिएल या फ्रेंच शिक्षकाने फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना पत्रे लिहावीत अशी योजना मांडली. लंडनचे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी आपल्या ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’मधून ती उचलून धरली आणि शालेय पत्रमैत्रीची चळवळ उभी राहिली. १९२०च्या दशकात सेलेस्तँ फ्रेने या ग्रामीण शिक्षकाने आपल्या शाळेतल्या मुलांचे छापील लेखन फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला पाठवायला सुरुवात केली. फ्रेनेच्या मुलांची भाषा एकच होती, तरीही त्याच्या प्रयोगाने पुढच्या सगळ्या प्रयत्नांना एक सूत्र दिले: आपले लिखाण खरा वाचक वाचणार आहे हे कळले की मूल वेगळ्या जबाबदारीने लिहिते. पन्नास-साठ वर्षांनी हेच सूत्र घेऊन ‘दे ओरिया आ ओरिया’ हा प्रकल्प १९८५मध्ये सुरू झाला. त्यात स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे वर्ग संगणकाने जोडले गेले. १९८८मध्ये न्यूयॉर्क राज्य आणि मॉस्को यांतल्या शाळा जोडणारा उपक्रम सुरू झाला. त्यातूनच आयअर्न ही जगभर पसरलेली शाळांची संघटना वाढली. शीतयुद्ध संपत आले होते आणि त्या काळच्या आशावादाचा ठसा या प्रकल्पांवर स्पष्ट आहे. माणसे एकमेकांशी बोलू लागली की एकमेकांना समजून घेतील, असे त्यांच्या कर्त्यांना मनापासून वाटत होते.

जोडीने शिकण्याची परंपरा निराळ्या मातीतली आहे. १९६३च्या करारानंतर फ्रान्स आणि जर्मनी यांनी संयुक्त युवक कार्यालय स्थापन केले. त्याच्या शिबिरांतून दोन्ही देशांतले तरुण एकमेकांना भाषा शिकवू लागले. या पद्धतीला टॅण्डम असे नाव पडले. १९९०च्या दशकात बोखुम विद्यापीठात हेल्मुट ब्रामर्ट्स आणि सहकाऱ्यांनी ती ईमेलवर आणली. त्यांनी दोन तत्त्वे घालून दिली. दोघांनी जितके घ्यावे तितकेच द्यावे, आणि आपल्या शिकण्याची दिशा प्रत्येकाने स्वतः ठरवावी. आज मोबाइलवर भाषामित्र शोधून देणारी जी ॲप्स आहेत, त्यांचा पाया हाच आहे. फक्त बोखुमच्या पद्धतीत असलेला सल्लागार शिक्षक त्यांतून बहुधा गळून गेला आहे, आणि ती उणीव मोठी आहे.

१९९०च्याच दशकात अमेरिकी विद्यापीठांत संगणक-कक्ष आले. डोरोथी चन यांनी जर्मनच्या आणि रिचर्ड केर्न यांनी फ्रेंचच्या वर्गांत विद्यार्थ्यांना एकाच खोलीत बसवून, पण तोंडी न बोलता, संगणकावर लिहून चर्चा करायला लावली. केर्न यांच्या १९९५च्या निबंधात दिसले की तोंडी चर्चेच्या तुलनेत विद्यार्थी दुपटीहून अधिक वाक्ये लिहितात, आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागतात. मार्क वॉर्शॉअर यांनीही पडद्यावरच्या चर्चेत सहभाग अधिक समान वाटला जातो असे दाखवले. केर्न यांनी त्याच निबंधात सावधही केले होते: व्याकरणाची अचूकता यातून आपोआप येत नाही आणि चर्चेची सूत्रे शिक्षकाच्या हातून सुटतात. नंतरच्या उत्साहात हा इशारा फारसा कोणी लक्षात ठेवला नाही. १९९६मध्ये वॉर्शॉअर यांच्याच संपादनाखाली ‘टेलिकोलॅबरेशन’ हे नाव ग्रंथशीर्षकात आले आणि क्षेत्राला ओळख मिळाली. हल्ली त्याऐवजी ‘व्हर्च्युअल एक्स्चेंज’ म्हणतात.

सैद्धांतिक बाजूने पहिली मोठी शाखा आंतरक्रियावाद्यांची. मायकल लाँग यांनी १९८०च्या दशकात मांडले की भाषा पक्की होते ती अडखळण्याच्या जागी. ऐकणाऱ्याला कळत नाही, तो विचारतो, बोलणारा दुसऱ्या शब्दांत सांगतो आणि या खटपटीत शिकणाऱ्याचे लक्ष भाषेच्या घडणीकडे जाते. एव्हान्जेलिन व्हारोनिस आणि सूझन गास यांनी अशा अडखळण्याचे टप्पे १९८५मध्ये आखून दाखवले. चॅटच्या नोंदींना ही चौकट चपखल बसली, कारण प्रत्येक अडखळणे अक्षरशः लिहिलेले सापडत होते. मूळच्या संथ, लिखित चॅटमध्ये विचार करायला वेळ मिळतो, वर सरकवून मागचे वाचता येते आणि खोडून पुन्हा लिहिता येते, हेही या शाखेने दाखवून दिले. तिची मर्यादा मात्र तिच्या नजरेतच होती. तिच्यापुढे बोलणारी दोन यंत्रे होती, संदेश धाडणारी आणि संदेश घेणारी. ती कोण आहेत, कुठली आहेत, एकमेकांविषयी काय समजून आली आहेत, हे प्रश्न चौकटीबाहेर राहिले.

ते प्रश्न आत आणण्याचे काम दोन बाजूंनी झाले. मायकल बायरम यांनी १९९७मध्ये आंतरसांस्कृतिक संवादक्षमतेची मांडणी केली. परभाषा शिकणाऱ्याने मूळ भाषकाची नक्कल साधावी, ही अपेक्षा त्यांनी नाकारली. दोन समाजांच्या मध्ये उभे राहून एकाचे दुसऱ्याला उलगडून सांगू शकणारा, कुतूहल असलेला आणि स्वतःच्या समाजाकडेही चिकित्सेने पाहणारा माणूस त्यांनी आदर्श म्हणून पुढे ठेवला. या एका पालटाने शिकणाऱ्याची प्रतिष्ठा वाढली. अर्धवट मूळ भाषक म्हणून गुण कापून घेण्याऐवजी त्याच्या दोन भाषांतल्या अनुभवाला मोल मिळाले.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जिल्बेर्त फ्युर्स्टनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘कल्तुरा’ हा प्रकल्प सुरू केला. अमेरिकी आणि फ्रेंच विद्यार्थ्यांनी एकच प्रश्नावली भरायची: शब्दांवरून काय आठवते ते लिहायचे, अर्धी वाक्ये पुरी करायची, दिलेल्या प्रसंगात काय कराल ते सांगायचे. प्रत्येकाने आपापल्या भाषेतच लिहायचे. मग दोन्ही बाजूंची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली जात आणि विद्यार्थी त्यांतल्या फरकांवर एकमेकांना प्रश्न विचारत. व्यक्तिवाद म्हटल्यावर अमेरिकी विद्यार्थ्यांना स्वातंत्र्य आणि कल्पकता सुचली, तर फ्रेंच विद्यार्थ्यांना स्वार्थ. एरवी दोघेही तो शब्द बेधडक वापरत राहिले असते आणि आपण एकाच गोष्टीविषयी बोलतो आहोत असे समजत राहिले असते. उत्तर शोधण्याआधी फरक दिसू देणे ही ‘कल्तुरा’ची खरी देणगी. त्यावर आक्षेप आला तो असा की दोन रकाने केले की दोन देश आखीव दिसू लागतात. त्या रकान्यांच्या आत असलेले वर्गाचे, वंशाचे, गाव आणि शहर यांचे भेद झाकले जातात. आक्षेप रास्त आहे.

या क्षेत्रातले सर्वांत कसदार लिखाण फसलेल्या संवादांवरचे आहे आणि नवख्या वाचकाने तिथे थांबावे. क्लेअर क्राम्श आणि स्टीव्हन थॉर्न यांनी २००२मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांची पॅरिस परिसरातल्या शाळकरी मुलांशी झालेली देवाणघेवाण तपासली. अमेरिकी विद्यार्थी आपल्याविषयी सांगत होते, प्रांजळपणे प्रश्न विचारत होते आणि त्याच मोकळेपणाची परतफेड त्यांना अपेक्षित होती. फ्रेंच मुलांकडून आली ती मुद्देसूद, तटस्थ, निबंधासारखी उत्तरे. भाषा दोघांना कळत होती. पत्र कशासाठी लिहायचे, याचीच समजूत वेगळी होती. थॉर्न यांनी पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली. साधनालाही संस्कार असतात. शिक्षकाने ईमेल नेमून दिला, पण तरुणांच्या लेखी ईमेल हे आईवडिलांशी आणि प्राध्यापकांशी बोलायचे साधन होते. मैत्री तिथे रुजेना. जिथे ती तत्काळ संदेशांकडे वळली तिथे एका विद्यार्थिनीचे फ्रेंच झपाट्याने खुलले.

ज्युली बेल्झ यांनी पेनसिल्व्हेनिया स्टेट आणि गीसन या विद्यापीठांमधल्या देवाणघेवाणीचा माग काढला. जर्मन विद्यार्थी मत स्पष्ट आणि कठोर शब्दांत मांडत, अमेरिकी विद्यार्थ्यांना तो उद्धटपणा वाटे; उलट अमेरिकी गुळगुळीतपणा जर्मनांना पोकळ वाटे. पण बेल्झ यांनी दोष स्वभावावर टाकून विषय मिटवला नाही. दोन विद्यापीठांची सत्रे वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होत, त्यामुळे एकत्र मिळणारे आठवडे मोजकेच. एका बाजूला या कामाला गुण होते, दुसऱ्या बाजूला त्यांचे मोल निराळे. एकीकडे वसतिगृहात संगणक, दुसरीकडे प्रयोगशाळेच्या वेळा पाळायच्या. उत्तर उशिरा आले की पलीकडच्याला आपल्यात रस नाही असा अर्थ निघे. पेज वेअर यांच्या २००५च्या अभ्यासातही हाच निष्कर्ष आहे. तिथे भांडण झालेच नाही, नुसते संवादाचे झरे आटत गेले. लेओन विद्यापीठाचे रॉबर्ट ओडाउड यांनी मार्कुस रिटर यांच्यासह या अपयशांची व्यक्ती, वर्ग, संस्था आणि समाज अशा पातळ्यांवर मांडणी केली. तिच्यामुळे ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे आळशी उत्तर मागे पडले. समोरचा गप्प असेल तर आधी त्याचे वेळापत्रक पाहावे, मग त्याचा देश.

अदबीचा प्रश्न याला लागूनच येतो. बेल्झ आणि सेलेस्त किंजिंजर यांनी फ्रेंच आणि जर्मनमधल्या आदरार्थी आणि जवळिकीच्या सर्वनामांचा अभ्यास केला. पाठ्यपुस्तकाने नियम शिकवलेले असूनही अमेरिकी विद्यार्थी समवयस्कांना आदरार्थी रूपाने संबोधत. पलीकडच्या मित्राने हसून, कधी थोडे दुखावून, असे परकेपण नको म्हणून सांगितले की ती चूक बहुधा पुन्हा होत नसे. शिक्षकाच्या लाल शाईला जे साधत नाही ते नात्याला साधते. मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागणार नाही. मराठीत विनंतीची नम्रता क्रियापदाच्या रूपात आणि सर्वनामात सामावलेली असते, तिला वेगळा आर्जवी शब्द बहुधा लागत नाही. तेच वाक्य इंग्रजी ईमेलमध्ये उतरले की हुकमासारखे वाचले जाते आणि लिहिणाऱ्याला आपण दुखावले याची कल्पनाही नसते. व्याकरणाची चूक दिसते आणि माफ होते. अदबीची चूक भाषेची म्हणून ओळखली जात नाही, ती माणसाच्या खाती जमा होते. जेनी थॉमस यांनी १९८३मध्येच हा धोका दाखवून दिला होता.

वर्गाबाहेरच्या संवादावरचे काम संख्येने कमी असले तरी दृष्टी पालटणारे आहे. ईव्हा लॅम यांनी २०००मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाँगकाँगहून आलेल्या एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत इंग्रजीत मागे पडलेला हा मुलगा एका जपानी गायिकेवर स्वतःचे संकेतस्थळ चालवत होता आणि आशियाभरातल्या चाहत्यांशी इंग्रजीत आत्मविश्वासाने बोलत होता. रेबेका ब्लॅक यांनी चाहत्यांच्या कथालेखनात रमणाऱ्या, इंग्रजी शिकणाऱ्या मुलींचे लेखन पाहिले. वाचक त्यांच्या भाषेच्या चुका सुधारून देत, पण कथेला दादही देत. थॉर्न यांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळताना एका अमेरिकी आणि एका युक्रेनियन खेळाडूत झालेले, इंग्रजी आणि रशियनमधले संभाषण तपासले. या सगळ्यांत इंग्रजी कोणा एका देशाची उरलेली नाही. जेनिफर जेन्किन्स आणि बार्बरा झाइडलहोफर यांच्या संप्रदायाने संपर्कभाषा म्हणून इंग्रजीचे जे वर्णन केले आहे, ते इथे लागू पडते: दोन्ही बाजूंना दुसरी भाषा, आणि अर्थ पोहोचला की नियमाची सक्ती सैल.

पण मोकळीक सर्वांना सारखी मिळत नाही. फ्रान्चेस्का हेल्म आणि इतरांनी गेल्या दशकात हे ठामपणे मांडले. देवाणघेवाण कोणत्या भाषेत व्हायची, कोणाच्या घड्याळाप्रमाणे, कोणाच्या इंटरनेटच्या वेगाने, हे ठरवणारा आणि सोसणारा एकच नसतो. विषय जर सण, जेवण आणि हवामान यांच्यापुरते ठेवले तर सगळे गोड राहते आणि कोणी काही शिकत नाही. युद्ध, धर्म, स्थलांतर असे विषय काढले तर प्रशिक्षित संवादक लागतो.

संस्थांनी हे क्षेत्र उचलून धरले ते २००५पासून. त्या वर्षी युरोपीय आयोगाने शाळांसाठी ई-ट्विनिंग सुरू केले. २००६मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय ऑनलाइन शिक्षणाचे केंद्र उघडले, २०१६मध्ये युनिकोलॅबरेशन ही अभ्यासकांची संघटना आली आणि २०१८मध्ये इरॅस्मस योजनेत युरोप आणि दक्षिण भूमध्य प्रदेशातल्या तरुणांसाठी व्हर्च्युअल एक्स्चेंजचा कार्यक्रम जोडला गेला. २०२०च्या साथीने प्रवास थांबवला तेव्हा ही सारी यंत्रणा हाताशी होती.

महाराष्ट्रात या विषयाचे धागे विखुरलेले, पण खरे आहेत. सुगता मित्रा यांच्या पुढाकाराने २००९पासून ब्रिटनमधली स्वयंसेवक मंडळी, त्यांत बरीचशी निवृत्त शिक्षक, भारतातल्या मुलांशी स्काइपवर इंग्रजीत गप्पा मारू लागली. २०१३च्या टेड पुरस्कारानंतर त्यांनी उभारलेल्या सात प्रयोगशाळांपैकी एक फलटणला होती. मूळच्या अमेरिकी आणि मराठी आत्मसात केलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत ती चालली. परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके जाई निंबकर यांच्यासह लिहिणाऱ्या बाईंच्या संस्थेत मुलांनी परदेशी आजी-आजोबांशी इंग्रजीत बोलावे, हा योग लक्षात राहणारा आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तंट्यात अडकलेल्या देशांतली मुले एकमेकांशी जोडली. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशा जोड्या त्यात होत्या. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचे कौतुक जास्त झाले. सीमापार बोलणाऱ्या मुलांचे त्याहून अधिक व्हायला हवे होते.

याहून मोठी गोष्ट अशी की इथला शिकणारा संशोधनातल्या साच्यात बसत नाही. वरचे बहुतेक अभ्यास एका भाषेत वाढून दुसरीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यावर बेतलेले आहेत. मराठी माणूस मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांत एकाच संदेशात ये-जा करतो, आणि अनेकदा मराठीही रोमन अक्षरांत लिहितो. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या मुलासाठी मराठी हीच दुसरी भाषा असते. गोव्यात कोंकणी, मराठी आणि इंग्रजी यांच्या वाटण्या घराघरांत बदलतात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांतली मुले आजीशी व्हिडिओ कॉलवर जी मराठी बोलतात, ती त्यांना वारशाने मिळालेली आहे आणि तरीही शिकावी लागते. ओफेलिया गार्सिया आणि ली वेइ यांनी २०१४मध्ये मांडलेला विचार, की बहुभाषकाच्या भाषा वेगवेगळ्या कप्प्यांत नसतात, या परिस्थितीला पुष्कळ जवळचा आहे.

यंत्रभाषांतराने आता मूळ प्रश्नच पुन्हा उभा केला आहे. २०१६पासून न्यूरल पद्धतीने भाषांतर सुधारले आणि २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर कोणालाही निर्दोष इंग्रजी ईमेल क्षणात मिळू लागला. आंतरक्रियावाद्यांना जिथे शिकण्याची जागा दिसत होती, ते अडखळणेच यंत्र पुसून टाकते. अदबीच्या चुका ते बऱ्याच प्रमाणात टाळते, हा लाभ नाकारता येत नाही. पण समोरच्याला माझ्या वाक्याने काय वाटले हे विचारण्याची गरजच उरली नाही, तर बायरम यांनी अपेक्षिलेला मधला माणूस घडणार कुठे? यंत्र वापरू नका असे सांगून हा पेच सुटणारा नाही. यंत्राने दिलेले वाक्य दोन्ही बाजूंनी मिळून तपासणे, ते कुठे जास्त मऊ किंवा जास्त परके झाले यावर बोलणे, हे वर्गात करून पाहण्याजोगे काम आहे.

प्रस्तुत संग्रह भाषाशिक्षक, शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी आणि परदेशी सहकाऱ्यांबरोबर रोज काम करणारे वाचक यांच्यासाठी आहे. त्यात सिद्धांताची मांडणी आहे, पण भर संवादांच्या प्रत्यक्ष वाचनावर आहे: कोणी काय लिहिले, त्यावर काय उत्तर आले, मधल्या गप्प राहण्याचा कोणी काय अर्थ लावला. इंग्रजीशिवाय हिंदी आणि मराठी शिकणाऱ्यांचे संवादही घेतले आहेत. अमुक साधन वापरा अशी शिफारस मुद्दाम टाळली आहे, कारण साधने पुस्तकाच्या आवृत्तीपेक्षा लवकर बदलतात. उपक्रम आखू पाहणाऱ्या शिक्षकाने फसलेल्या देवाणघेवाणींवरची प्रकरणे आधी वाचावीत आणि सिद्धांताकडे मागाहून वळावे. उदाहरणांतले शुद्धलेखन, रोमन लिपी आणि भाषांची सरमिसळ मुळाबरहुकूम ठेवली आहे. लिहिणाऱ्यांची ओळख मात्र सर्वत्र बदलली आहे.